आधी इंजिनचं झाकण उघडा

गुरुवार, सेंट क्लेअर शोर्स

सप्टेंबर सरत आला की मिशिगनमध्ये जुन्या बोटींच्या किमती उतरायला लागतात. ऑक्टोबरात बोट पाण्याबाहेर काढायची, इंजिनातलं पाणी उपसून गुलाबी अँटिफ्रीझ भरायचं, वर प्लास्टिकचं घट्ट वेष्टण चढवायचं आणि मे महिन्यापर्यंत यार्डाचं भाडं भरत बसायचं. विकायला काढलेल्या बोटीवर हा खर्च करायला मालक नाखूश असतो. आम्ही हाच मुहूर्त धरला. मंडळाचा गणपती आटोपला, ऑफिसात रजा टाकली आणि मामांना पुढच्या सीटवर बसवून निघालो.

मामा सहा महिन्यांसाठी आलेत. मूळचे रेवदंड्याचे, सगळी नोकरी माझगाव डॉकमध्ये फिटर म्हणून झालेली. "त्यांना कशाला दमवतोस?" असं बायको म्हणत होती, पण मामांनी आदल्या रात्रीच टॉर्च, छोटा आरसा आणि एक जाड मुठीचा स्क्रूड्रायव्हर पिशवीत घालून ठेवला होता.

आम्हाला हवी होती केबिन क्रूझर, म्हणजे आत झोपायला जागा, चहा-खिचडीपुरता ओटा आणि दार लागणारा संडास असलेली मोटरबोट. बजेट पंचवीस हजार डॉलर. एवढ्या पैशांत २८ ते ३२ फुटी बोट म्हटली की ती साधारण १९८५ ते २००० या काळातलीच मिळते. त्या काळातल्या फायबरग्लासच्या बोटी ग्रेट लेक्सच्या या तळ्यांवर ढिगाने आहेत आणि त्या टिकल्यात त्याचं श्रेय बरंचसं गोड्या पाण्याला. यांतली बरीच इंजिनं बाहेरचंच पाणी आत फिरवून थंड ठेवतात. खाऱ्या पाण्यात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर गोळा करणारे नळ) पाच-सात वर्षांत आतून खाल्ले जातात, इथे तेच पंधरा-वीस वर्षं निघतात. त्यामुळे इथल्या जाहिरातीत "कायम गोड्या पाण्यात" हे शब्द किमतीच्याही आधी येतात.

सेंट क्लेअर शोर्सला जेफरसन अ‍ॅव्हेन्यूचा एक पट्टा 'नॉटिकल माइल' म्हणून ओळखला जातो. मरिना, यार्ड, दलाल, सगळे एका रांगेत. पहिली बोट फोटोत होती तशीच निघाली: चकाचक. गाद्या नव्या, दिवे निळे, स्पीकर मोठे. बायको आत उतरली आणि खूश झाली, कारण तिला डोकं न वाकवता उभं राहता येत होतं. दलाल तिला फ्रिज दाखवत असताना मामा मात्र मागे गेले.

ही स्टर्नड्राइव्ह बोट होती. या प्रकारात इंजिन बोटीच्या अगदी मागच्या टोकाला आत बसवलेलं असतं आणि गिअर नि पंख्याचा पाय बाहेर लोंबतो. दोन्हींच्या मधली भिंत म्हणजे ट्रान्सम. तिला ड्राइव्हसाठी भलं मोठं भोक पाडलेलं असतं, आणि त्या काळच्या बहुतेक बोटींत तिचा गाभा प्लायवुडचा, वरून-खालून फायबरग्लास चढवलेला. भोकाच्या कडेने किंवा एखाद्या स्क्रूमधून पाणी आत शिरलं की प्लायवूड कुजतं. बाहेरून काही दिसत नाही, पॉलिशही छान चमकतं.

मामांनी स्क्रूड्रायव्हर उलटा धरला आणि मुठीने ट्रान्समवर ठोकत डावीकडून सुरुवात केली. टण, टण, टण. पोहायच्या फळीच्या ब्रॅकेटपाशी आले आणि आवाज 'ढप' झाला. पुन्हा ठोकलं, पुन्हा ढप. ब्रॅकेटच्या खालच्या स्क्रूतून तपकिरी ओघळ आलेला होता. मामांनी त्या स्क्रूवर बोट ठेवून नुसतं फिरवलं, तर तो फिरला. पान्याशिवाय, बोटाने.

"आतलं लाकूड म्हणजे चहातलं बिस्किट झालंय," मामा मला मराठीत म्हणाले. दलालाला भाषा कळली नसली तरी अर्थ बहुधा कळला, कारण त्याने लगेच "हे फक्त दिसायला तसं आहे" वगैरे सुरू केलं. ट्रान्सम बदलायचा तर इंजिन बाहेर काढावं लागतं, आतून किंवा बाहेरून फायबर कापावा लागतो. शेजारच्या यार्डात सहज विचारलं, तर सांगितलेला आकडा मागितलेल्या किमतीच्या निम्म्याच्या पुढे होता. निळे दिवे तिथेच राहिले.

दुपारी धक्क्यावर बसून डबा खाल्ला. पाणी इतकं नितळ की तळाचं शेवाळ दिसत होतं. ही नितळाई झेब्रा शिंपल्यांची. काळ्या समुद्राकडचे, जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून (तोल साधायला पोटात भरतात त्या पाण्यातून) आलेले हे शिंपले उत्तर अमेरिकेत पहिल्यांदा सापडले ते याच सेंट क्लेअर तळ्यात, १९८८ साली. पाणी गाळून स्वच्छ करतात आणि बोटीच्या पाणी ओढणाऱ्या नळ्या बुजवतात. मामांना हे ऐकून फार आनंद झाला. "म्हणजे कालवं इथेही त्रास देतात तर!"

शुक्रवार, अल्गोनाक

सेंट क्लेअर नदीच्या काठचं छोटं गाव. क्रिस-क्राफ्ट या बोट कंपनीचा जन्म इथला, आणि १९३२ साली शर्यतवीर गार वुडने 'मिस अमेरिका टेन' ही वेगबोट इथल्याच नदीवर ताशी १२४.८६ मैलांनी पळवली होती. नदी अरुंद आणि जहाजं अवाढव्य. लोखंडाच्या खनिजाने भरलेलं हजार फुटी जहाज समोरच्या घराच्या छपरावरून सरकत गेल्यासारखं दिसतं. मामा कॉफी विसरून बघत राहिले.

इथली बोट वेगळीच होती: १९७०च्या दशकातली मॅरिनेट, केंटकीतल्या लुईव्हिलला बनलेली, अख्खी अ‍ॅल्युमिनियमची. कुजायला लाकूडच नाही! मालक ऐंशीच्या घरातले आजोबा. प्रत्येक ऑइल बदलाची तारीख वहीत. मामांचं आणि त्यांचं लगेच जमलं. दोघांना एकमेकांचं इंग्रजी निम्मंच कळत होतं, पण इंजिनाच्या खोलीत त्याने काही अडत नाही.

अ‍ॅल्युमिनियमची आपली पथ्यं असतात. तांबं मिसळलेला रंग तळाला लावायचा नाही. मरिनाच्या विजेच्या जोडणीत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर हवाच, नाहीतर शेजारच्या बोटींशी विजेचं नातं जुळून आपला तळ गुपचूप झिजतो. हे सगळं आजोबांनी पाळलेलं होतं. अडलं ते इंजिनांपाशी. दोन्ही क्रायस्लरची, आणि क्रायस्लरने बोटींची इंजिनं बनवणं केव्हाच सोडलंय. ब्लॉकचे सुटे भाग मोटारींच्या दुकानात मिळतात, पण पाण्याने थंड होणारे मॅनिफोल्ड शोधत हिंडावं लागतं. शिवाय मी गाडीतूनच विमा कंपनीला फोन केला, तर बोटीचं साल ऐकून पलीकडचा आवाज थंड झाला. मामांना ती बोट फार आवडली होती. मलाही. पण निवृत्त माणसाची बोट निवृत्त माणसानेच घ्यावी. माझ्याकडे भाग शोधायला शनिवार-रविवारच आहेत.

शनिवार, पोर्ट क्लिंटन

सकाळी लवकर निघून टोलेडोमार्गे ओहायोत. रूट टूवर डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्राचा शीतन मनोरा दुरूनच दिसायला लागतो. बोटवाले पाण्यातूनही त्याच्याकडे बघून दिशा धरतात. ईरी तळ्याचा हा पश्चिमेकडचा भाग उथळ. सबंध तळ्याची सरासरी खोली अवघी ६२ फूट आहे आणि इथे तर त्याच्याही निम्म्याहून कमी. उथळ पाण्यावर वारा सुटला की लाटा आखूड आणि उभ्या उठतात, एकीतून सावरेपर्यंत दुसरी. इथे फिरायचं तर बोटीला अंगावर थोडं वजन हवं, हा माझा निकष मी घरूनच ठरवून आलो होतो.

वाटेत ब्रँडवरून वाद. जुन्या क्रूझरच्या बाजारात दोन नावं सगळ्यात जास्त भेटतात, सी रे आणि बेलायनर. धक्क्यावरची मंडळी पहिल्याला मान देतात आणि दुसऱ्याला नाक मुरडतात. गंमत म्हणजे १९८६ साली ब्रन्सविक कंपनीने दोन्ही विकत घेतल्या, आणि दोघींच्या पोटात बहुधा त्याच ब्रन्सविकचं मर्क्रुझर इंजिन असतं. बेलायनर स्वस्तात विकली जायची, सामान साधं असायचं, हे खरं. पण पस्तीस वर्षांनी बोटीवर कारखान्यापेक्षा मालकाचा हात जास्त दिसतो. नीट ठेवलेली बेलायनर मी हयगय झालेल्या सी रेपेक्षा केव्हाही घेईन. बायकोचं म्हणणं, "मग विकताना पण हेच ऐकून घ्यावं लागेल." तिचाही मुद्दा बरोबर आहे, नावाचा भाव विकताना कळतो.

पहिली बोट १९९९ची, आजवर पाहिलेल्यांत सगळ्यात नवी, किंमतही मोहात पाडणारी. ट्रान्समच्या उजव्या कोपऱ्यात वर कोरलेला बोटीचा ओळख क्रमांक मी वाचून घेतला. १९८४पासूनच्या बोटींत त्या बारा खुणांतले शेवटचे दोन अंक मॉडेलचं साल सांगतात. ते जुळलं. पण मामांनी आरसा एक्झॉस्टच्या रायझरखाली, म्हणजे मॅनिफोल्डला जोडलेल्या वाकड्या नळाखाली, सरकवला आणि मला टॉर्च धरायला सांगितली. जोडाच्या खाली गंजाची पिवळट रांग, बोल्टांची डोकी फुगलेली. "ही समुद्रात राहिलीय," मामा म्हणाले. विक्रेत्याला विचारल्यावर "पहिली काही वर्षं फ्लोरिडात होती" असं निघालं. जाहिरातीत याचा उल्लेख नव्हता. मागच्या मालकाची कागदपत्रंही "शोधून पाठवतो" या सदरात. तिथून निघालो.

जेवायला पर्च. ईरी तळ्यातला पिवळा पर्च इथे पिठात बुडवून तळतात, पावात घालून देतात. मामांनी दोन खाल्ले आणि गोड्या पाण्याच्या माशाबद्दल बोलणं टाळलं.

दुपारची बोट कटाव्बा आयलंडवर. नाव आयलंड, पण आहे द्वीपकल्प. गाडीने थेट जाता येतं. १९८८ची कार्व्हर, ३२ फुटी, विस्कॉन्सिनमधल्या पुलास्कीला बनलेली. फोटोत बघून बायकोने ही आधीच नापसंत केली होती आणि का ते आत शिरताच कळलं. सगळं तपकिरी. तपकिरी सोफा, तपकिरी पडदे, खोटं लाकूड, आणि मधोमध बेज रंगाचा गालिचा. बाहेरून दुमजली डब्यासारखी. पण आत रुंदी भरपूर, दोन वेगळ्या झोपायच्या जागा, आणि संडासात माणूस गुडघे न आपटता बसू शकतो.

मामांनी जमिनीतलं झाकण उचललं आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. खाली दोन क्रुसेडर इंजिनं, आमच्या घरापासून फार लांब नसलेल्या स्टर्लिंग हाइट्सला बनलेली. बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळच्या पोकळीत, तेलाचा थेंब नाही; रंग पांढरा, म्हणजे गळलं तर लगेच दिसावं म्हणून कोणीतरी मुद्दाम लावलेला. होसच्या, म्हणजे रबरी नळ्यांच्या, दोन्ही टोकांना दोन-दोन क्लॅम्प. प्रत्येक फिल्टरवर मार्करने तारीख आणि इंजिन चाललेले तास. ही इनबोर्ड बोट, म्हणजे इंजिनापासून सरळ दांडा तळातून बाहेर जातो आणि त्याला पंखा. ट्रान्समला ड्राइव्हचं भोक नाही, पाणी अडवणारी बेलोज ही रबरी घडीची नळीही नाही. स्टर्नड्राइव्हच्या त्या बेलोजला चीर पडली की बोट धक्क्याला बांधलेल्या अवस्थेत बुडू शकते. इथे ती काळजीच नव्हती. बदल्यात दोन इंजिनांचं दोनदा ऑइल, दोनदा सगळंच.

एकच गोष्ट मामांच्या पचनी पडेना. "पेट्रोल? बंद खोलीत? आणि वर माणसं झोपणार?" आयुष्यभर डिझेल हाताळलेल्या माणसाला हे वेडेपणाचं वाटणारच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली बिल्जमध्ये साचते. म्हणून सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर, म्हणजे वाफ बाहेर फेकणारा पंखा, चालवायचा, हा इथला पाठ केलेला नियम. मालकाने ब्लोअर लावला. मामांनी तरी पालथं पडून नाकाने खात्री केली आणि मगच "करा चालू" म्हणाले.

डिझेल का नाही, हेही त्यांनी विचारलं. आमच्या बजेटात डिझेलची क्रूझर मिळते ती अशी की तिच्या इंजिनाची दुरुस्तीच बजेट खाईल. या आकाराच्या जुन्या अमेरिकन बोटी पेट्रोलवरच चालतात.

पुढच्या डेकवर चालताना उजव्या कठड्याच्या खांबापाशी पायाखाली किंचित लवलं. मी तिथे दोनदा उभा राहिलो. मालक म्हणाले, "हो, ते मला माहीत आहे," आणि एक जाड फोल्डर आणायला आत गेले. त्यांनी स्वतःहून सांगितलं, हे मला त्या फोल्डरइतकंच महत्त्वाचं वाटलं.

सव्वीस हजार मागत होते. सर्व्हे, म्हणजे तज्ज्ञाकडून बोटीची तपासणी, आणि पाण्यातली चाचणी समाधानकारक झाली तरच, या अटीवर आम्ही लेखी ऑफर दिली.

रविवार, पुट-इन-बे

सर्व्हेअर मंगळवारी मोकळा होता. मधला दिवस म्हणून मिलर फेरीने बेटावर. अमेरिकी आरमाराच्या पेरीच्या स्मारकाचा ३५२ फुटी खांब, सप्टेंबर १८१३ची ब्रिटिशांविरुद्धची आरमारी लढाई, आइस्क्रीम, गोल्फ कार्ट. बंदरात शेकडो क्रूझर बांधलेल्या, आणि आम्ही तिघंही प्रत्येकीचा ट्रान्समच बघत होतो.

बाकावर बसून पेट्रोलचा हिशोब केला. अशी दोन इंजिनांची बोट लाटांवर उचलून पळवली की गॅलनला साधारण एक मैल देते. डेट्रॉईटहून इथे पन्नासेक मैल, जाऊन-येऊन शंभर गॅलन, मरिनाच्या भावाने पाचशे डॉलर. बायकोने हॉटेलचा दर काढून दाखवला. तिच्या बाजूने तो हिशोब बिनतोड होता. ताशी सात-आठ मैलांनी रमतगमत गेलं तर खर्च निम्म्याच्या आसपास येतो, असं मी म्हटलं. "मग तू पोचणार कधी?" मामा हसत सुटले, ते रेवसच्या लाँचने वाढलेले, सात-आठ मैल त्यांना वेगच वाटतो.

मंगळवार, पुन्हा कटाव्बा

बोट पट्ट्यांच्या क्रेनने उचलली. पाणी निथळत असताना सर्व्हेअरने छोटी प्लास्टिकची हातोडी काढली आणि तळ ठोकायला सुरुवात केली. मामांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मग आर्द्रता मोजायचं यंत्र. तळाला नाण्याएवढे दहा-बारा फोड निघाले. हे फोड खाऱ्यापेक्षा गोड्या पाण्यात जास्त येतात; गोड्या पाण्याच्या कौतुकात ही बाजू कोणी सांगत नाही. वरवरचे होते, घासून भरता येतील असे. तळातले लांब आधारदांडे कोरडे. दांडे, पंखे, बेअरिंग ठीक.

डेकवरचा मऊ भाग मात्र मालकाला वाटत होता त्याहून मोठा निघाला, दोन हातांएवढा. तिथे फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्साचं हलकं लाकूड असतं, आणि खांबाच्या स्क्रूतून वर्षानुवर्षं पाणी मुरलं होतं. वरचा थर कापून गाभा बदलायचा, हे ट्रान्समपेक्षा पुष्कळ सोपं काम. इंजिनाला हात लावावा लागत नाही.

मेकॅनिकने सोळाही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजलं. पंधरा १४५ ते १५५च्या मध्ये, एक १३५. त्याला चिंता वाटली नाही. एखाद्याच सिलिंडराचा काटा निम्म्यावर आला असता तर गोष्ट वेगळी. तेलाचे नमुने प्रयोगशाळेत गेले. मग तळ्यावर. वारा नैऋत्येचा, लाटा दोन फुटांच्या, नेहमीसारख्या आखूड. पूर्ण गतीला डावं इंजिन ४,३०० फेऱ्यांपर्यंत गेलं, उजवं शंभरेकांनी मागे. ठरलेल्या फेऱ्या गाठता न येणं म्हणजे थकलेलं इंजिन, घाण तळ किंवा चुकीचा पंखा. इथे तसं काही नव्हतं. सर्व्हेअर तापमापकाचा लाल ठिपका मॅनिफोल्डवर फिरवत होता आणि मामा मागे उभे राहून एक्झॉस्टचं पाणी दोन्हीकडून सारखं पडतंय का ते बघत होते. बोट सरळ चालली, डब्यासारखी दिसते म्हणून वाऱ्याने ढकलली जाते खरी, पण दोन इंजिनं उलटसुलट फिरवली की जागच्या जागी वळते. बायकोने सुकाणू हातात घेतलं ते अर्धा तास सोडलं नाही. पडद्यांचा विषय तिने त्यानंतर काढला, तोही "बदलता येतील" असा.

एक गोष्ट सर्व्हेअरने लाल अक्षरात लिहिली: केबिनमधला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मुदत संपलेला. अशा बोटींत मागची कापडी कनात बंद ठेवून चालवलं तर एक्झॉस्ट उलटा आत ओढला जातो. नवा अलार्म त्याच दिवशी गावातून आणला, बोट अजून आमची नव्हती तरी.

तेलाचा अहवाल तीन दिवसांनी नीट आला. डेक, रायझरच्या गॅस्केट, दोन जुने फ्युएल होस आणि इतर किरकोळ धरून यार्डाने चार हजारांचा अंदाज दिला. आम्ही तो सर्व्हेसोबत मालकाला पाठवला आणि बावीस म्हटलं. त्यांनी साडेबावीस सांगितलं, आणि पहिल्या थंडीच्या आत दोन्ही इंजिनं विंटराइज करून (पाणी उपसून, अँटिफ्रीझ भरून) स्वतःच्या शेडमध्ये ठेवून देईन म्हणाले. ब्लॉक गोठून फुटला तर बोटीची किंमत भंगाराची होते, त्यामुळे पाचशेंपेक्षा ते कबूल होणं मोलाचं होतं. सर्व्हे पाहून विमा कंपनीही तयार झाली. मिशिगनचा सहा टक्के कर भरून टायटल, म्हणजे मालकीचा कागद, नावावर झालं की डेकचं काम यार्डात हिवाळ्यात होईल. मामांनी यार्डवाल्यांना क्लॅम्पची मापं लिहून दिलीत.